झांजा वाजल्या का?

झांजरावांना ऑर्केस्ट्रात बत्तीस वर्षं झाली होती, आणि या बत्तीस वर्षांत त्यांनी सगळ्यात जास्त काय केलं असेल तर ते म्हणजे बसून राहणं. ही मी चेष्टा करत नाही बरं का, ते स्वतःच सांगायचे. पुढे व्हायोलिनवाल्यांचे हात पाऊण पाऊण तास खाली येत नाहीत, बासरीवाल्यांना श्वास पुरत नाही, आणि मागच्या रांगेत आमचे झांजराव काळा कोट घालून, शेजारच्या स्टँडवर दोन मोठ्या पितळी झांजा टेकवून, हाताची घडी घालून बसलेले. काही सिंफन्यांत त्यांना चार ठोके असायचे, काहींत दहा-बारा. पण सगळ्यात नावाजलेली जी होती, तासाभराची, तिच्यात ठोका एकच. संथ भागाच्या शेवटी सगळी वाद्यं चढत चढत वर पोचली की उभं राहायचं, एकदा झंकन वाजवायचं आणि खाली बसायचं. संपलं काम.

‘एवढंच?’ असं तोंडावर विचारणारे महाभाग पुष्कळ भेटायचे. झांजराव चिडायचे नाहीत. म्हणायचे, ठोका कुणीही देईल हो, थांबायला शिकायला मला दहा वर्षं लागली. कारण ते थांबणं नुसतं थांबणं नसतं. मोजावं लागतं. चार मात्रांचं एक घर, अशी घरं मनात म्हणत राहायची. एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार, म्हणजे पहिल्या मात्रेवर घराचा आकडा बोलायचा, म्हणजे आपण कुठे आहोत ते चुकत नाही. असं एकशे शहात्तर घरांपर्यंत. मध्ये नाक खाजलं तरी मोजणं थांबत नाही, आणि शेजारच्याने डुलकी काढली तरी आपल्याला काढता येत नाही.

या मोजण्याचा एक तोटा झाला होता. झांजरावांना घरी बसून सिंफनी ऐकताच यायची नाही. बायको घरी कपडे आल्टर करायची, लोकांच्या पँटी आखूड कर, ब्लाउज सैल कर, आणि मशीनवर बसली की रेडिओ किंवा रेकॉर्डिंग लावायची. नवऱ्यापेक्षा तिला संगीत जास्त कळायचं, हे झांजरावांनीही मान्य केलेलं होतं. पण सूर सुरू झाले की यांचं डोकं आपोआप मोजायला लागायचं, आणि मोजायला लागलं की ऐकणं संपलंच. मग ते उठून गच्चीत जायचे. स्वतः वाजवलेल्या एकाही कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग त्यांनी बत्तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. मुलगी ऐकायची. ती लग्न होऊन दुसऱ्या शहरात राहायची, आणि बाबांच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम रेडिओवर लागला की कामधाम सोडून कानाला हेडफोन लावून बसायची. नंतर तिचा फोन ठरलेला.

तर त्या संध्याकाळी तीच एका ठोक्याची सिंफनी होती. कार्यक्रम एकच, पुन्हा होणार नव्हता. हॉल भरलेला. तिसऱ्या रांगेत झांजरावांची बायको आणि बायकोची मोठी बहीण बसलेल्या. बहिणीला झांजराव ताई म्हणत. ताईंना संगीतात गम्य शून्य, पण नटूनथटून हॉलमध्ये बसायला त्यांना फार आवडायचं.

संथ भाग सुरू झाला. झांजराव मोजू लागले. शंभरी ओलांडली, सगळं ठीक. एकशे एकोणचाळीस म्हणाले, आणि पुढच्या क्षणी त्यांच्या मनात आलं, हे आपण आत्ता म्हणालो की मघाशी म्हणालो? एकशे एकोणचाळीस झालंय की व्हायचंय? असं यापूर्वी कधी झालंच नव्हतं असं नाही, बत्तीस वर्षांत कुणाचंही होतं. अशा वेळी कानाचा आधार घ्यायचा असतो. ठोक्याआधी आठ घरं ओबोवाला, म्हणजे ते सनईसारखं वाद्य फुंकणारा, एक लहानसा तुकडा वाजवतो. तो त्यांनी बरोबर पकडला, झांजा उचलल्या, उभे राहिले. इथपर्यंत सगळं व्यवस्थित. मग सगळी वाद्यं चढत गेली, छडीवाल्या सरांचा, म्हणजे ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्यांचा, डावा हात वर गेला, आणि झांजरावांना वाटलं, अजून एक घर बाकी आहे. ते थांबले. आणि ते घर म्हणजेच ते शिखर होतं. सगळ्यांनी ते गाठलं आणि सगळे पलीकडे उतरायलाही लागले. झांजरावांच्या हातातल्या झांजांमध्ये वीतभर अंतर तसंच राहिलं. त्यांनी त्या हळूच छातीशी घेतल्या आणि ते खाली बसले.

असं त्यांना आठवत होतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ यावरच आहे.

कार्यक्रम संपला. टाळ्या पडल्या. झांजरावांना वाटलं, आता सर बोलावतील आणि सगळ्यांसमोर बिनपाण्याने करतील. सर जवळून गेले, त्यांनी झांजरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, छान झालं आज. पुढे बसणाऱ्यांपैकी कुणी मागे वळूनही पाहिलं नाही. बाहेर आल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, कसं झालं गं? ती म्हणाली, छान झालं, चला, शेवटची बस जाईल. ताई तर म्हणाल्या की आजचं तुमचं फारच जोरदार झालं.

आता सांगा. माणसाने काय समजायचं?

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, कुणाच्या लक्षात आलं नाही ना, मग झाकली मूठ. झांजरावांना तसं म्हणता येईना, आणि त्याला कारण होतं. त्यांच्या वडिलांचं चष्म्याचं दुकान होतं. हाताला चांगला गुण, दुरून माणसं यायची. बासष्टाव्या वर्षी ते गिऱ्हाइकाचे डोळे तपासायचे, नंबर कागदावर लिहायचे, गिऱ्हाईक उठायला लागलं की म्हणायचे, बसा, आता डोळे तपासू. माणसं भली होती, परत बसायची. पासष्टाव्या वर्षी दुकान बंद करावं लागलं, आणि सदुसष्टाव्या वर्षी ते झांजरावांना, आपल्या पोटच्या मुलाला, अहो-जाहो करायला लागले. झांजराव आता एकसष्ट वर्षांचे होते. एकशे एकोणचाळीस दोनदा म्हटलं असेल तर त्याचा अर्थ काय, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. बायकोला ते काही बोलले नाहीत. बोलायचं म्हणून तोंड उघडायचे आणि चहाला साखर कमी आहे असं काहीतरी म्हणायचे.

तीन आठवड्यांनी कार्यक्रम रेडिओवर लागला. झांजराव गच्चीत गेले. खाली आले तर मुलीचा फोन चालू, बायकोने तो त्यांच्या हातात दिला. मुलगी म्हणाली, बाबा, काय वाजवलंय हो, तुमच्या ठोक्याला माझ्या अंगावर काटा आला.

झांजराव म्हणाले, कुठला ठोका?

मुलगी हसली. म्हणाली, तुमचा एकच तर असतो.

फोन ठेवल्यावर झांजराव खुर्चीत बसले ते बसलेच. तेवढ्याने त्यांना बरं वाटायला हवं होतं, नाही का? उलट त्यांची पाचावर धारण बसली. कारण आता दोनच गोष्टी शक्य होत्या. ठोका चुकला असेल, तर मोजणं गेलं. आणि ठोका वाजला असेल, तर न वाजल्याची ही जी स्वच्छ आठवण त्यांच्या डोक्यात होती, ती वीतभर अंतरासकट, ती कुठून आली? म्हणजे आठवण गेली. कसाही विचार केला तरी बोट वडिलांच्या दुकानाकडेच जात होतं.

दुसऱ्या दिवशी बायको गिऱ्हाइकाचे कपडे पोचवायला बाहेर पडली. तोच कार्यक्रम दुपारी परत लागणार होता. झांजरावांनी दार लावलं, रेडिओजवळ स्टूल ओढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं वाजवणं ऐकायला बसले. मोजायचं नाही असं ठरवून बसले आणि पहिल्याच मिनिटाला मोजायला लागले. एकशे एकोणचाळीस आलं, गेलं. ओबोचा तुकडा आला. आणि एकशे शहात्तराव्या घरावर, पहिल्या मात्रेवर, एक केसभर इकडे तिकडे न होता, झंकन ठोका पडला. नुसता पडला नाही, हॉलभर पसरला, आणि व्हायोलिनं खाली उतरेपर्यंत त्याची आस मागे राहिली. झांजरावांनी तो आवाज ओळखला. त्या त्यांच्याच झांजा होत्या. डाव्या झांजेच्या काठाला एक लहान चीर आहे, तिची जी किंचित खरखर येते ती दुसऱ्या कुठल्याही झांजेला नाही.

रिहर्सलचा ठोका चिकटवला असेल, असं तुम्ही म्हणाल. तेही त्यांच्या मनात आलं. पण रिहर्सलला झांजराव झांजा वाजवतच नसत. पुढच्या रांगेतल्यांच्या डोक्यात कळ जाते, म्हणून त्या ऑर्केस्ट्रात रीतच पडली होती. रिहर्सलला ते उभे राहायचे, झांजा नुसत्या उचलून दाखवायचे आणि तोंडाने ‘झंम’ म्हणायचे. रेडिओवर जे वाजलं ते ‘झंम’ नव्हतं.

मग त्यांनी चौकशी आरंभली. सरळ विचारायची लाज वाटत होती, म्हणून आडून आडून. आधी ताई. ताई म्हणाल्या, वाजल्या म्हणजे काय, माझे कान दोन दिवस बधिर होते. झांजरावांचा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, नक्की कधी वाजल्या, आठवतं का? ताई म्हणाल्या, तुम्ही उभे राहिलात ना, तेव्हा. मी तर तुम्ही उठलेले बघितलं की आधीच डोळे मिटून घेते. आणि त्याच संध्याकाळी शेवटीही तुम्ही दोनदा वाजवल्या की. आता शेवटच्या भागात झांजा मुळी नाहीतच. म्हणजे ताईंनी माणूस उभा राहिलेला पाहिला आणि बाकीचा आवाज घरून आणला. झांजरावांना हसू आलं आणि लगेच ते ओसरलं. समोर बसून ऐकणाऱ्याची ही तऱ्हा, तर मग खरं कुणाला विचारायचं? हॉलमधली हजार माणसं अशीच डोळ्यांनी ऐकत असतील तर?

मग भोंगा. भोंगा म्हणजे त्यांच्या शेजारी पोटावर ते भलंमोठं पितळी वाद्य धरून बसणारा त्यांचा जुना दोस्त. वीस वर्षं खांद्याला खांदा लावून बसलेले, त्यामुळे त्याच्याइतकं जवळून कुणीच ऐकलं नव्हतं. रिहर्सलच्या सुट्टीत झांजरावांनी त्याला गाठलं. भोंग्याने आधी रेकॉर्डिंग या प्रकारावरच तोंडसुख घेतलं. ते काय खरं असतं का, कातरून शिवून केलेला माल तो, खोकला काढतात, पानं उलटल्याचा आवाज काढतात, एक दिवस आपल्यालाही काढतील. हॉलमध्ये वाजतं तेच खरं, आणि ते वाजलं की गेलं, परत विचारायचं नाही.

‘अरे, हॉलमध्ये वाजलं का, तेच विचारतोय मी,’ झांजराव म्हणाले.

भोंगा एकदम त्याच्या वाद्यात साठलेलं पाणी काढायला लागला. बराच वेळ काढत होता. एवढं पाणी त्या वाद्यात मावत नाही हे झांजरावांना पक्कं ठाऊक होतं. शेवटी मान वर न करता तो म्हणाला, माझं आपलं मोजण्यात लक्ष होतं रे. आणि चहा घ्यायला निघून गेला, तेही झांजरावांना न विचारता, जे वीस वर्षांत कधी घडलं नव्हतं.

सरांना विचारायची छाती होईना. एकदा दारापर्यंत जाऊन आले. काय विचारणार? सर, मी त्या दिवशी वाजवलं होतं का? असं विचारणाऱ्या माणसाला सर दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये उभं करतील का? राहता राहिली कातरीबाई.

कातरीबाई रेडिओच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसायच्या. पूर्वी फीत कातरीने कापून जोडायच्या, तेव्हा हे नाव पडलं. आता सगळं कॉम्प्युटरवर, पण नाव राहिलं. ऑर्केस्ट्राचा प्रत्येक कार्यक्रम त्यांच्या हाताखालून जायचा. लहानशी खोली, भिंतींना फोम, खिडकी नाही, टेबलावर थंड झालेला चहा. झांजराव दारात उभे राहिले तेव्हा त्या दुसऱ्याच कुठल्या कार्यक्रमातला एक खोकला काढत होत्या. त्यांनी खूण केली, थांबा, खोकणारा माणूस पुसला आणि खुर्ची फिरवली.

झांजरावांनी इथे मात्र आडवळण घेतलं नाही. इतके दिवस डोक्याला लागलेला भुंगा त्यांना आता सहन होत नव्हता. म्हणाले, मला त्या दिवशीचं मूळ ऐकवा. काही न काढलेलं, काही न घातलेलं.

बाई म्हणाल्या, ऐका की, तुमचंच आहे.

त्यांनी हेडफोन दिले. ओबोचा तुकडा आला. वाद्यं चढत गेली. आणि जिथे ठोका हवा तिथे काही नव्हतं. म्हणजे बाकीची सत्तर वाद्यं होती, पूर्ण ताकदीने होती, पण मध्ये एक भोक होतं. मग वाद्यं उतरू लागली आणि त्यांच्या मागे, अगदी बारीक, एक खुर्ची कुरकुरली.

झांजरावांनी हेडफोन काढले. खरं सांगायचं तर त्यांना आधी आनंद झाला. हो, आनंदच. त्यांची आठवण खरी होती. वीतभर अंतर खरं होतं. वेडे नव्हते ते. चूक झाली होती, एक चूक, आणि ती त्यांना लख्ख आठवत होती. वडिलांना कुठे आठवायचं? बत्तीस वर्षांत एक चूक म्हणजे काही आभाळ कोसळलं नाही. त्यांनी घाम पुसला आणि हसत विचारलं, मग रेडिओवर वाजला तो कुणाचा?

‘तुमचाच,’ बाई म्हणाल्या. ‘चार वर्षांपूर्वीचा. हीच सिंफनी, हाच हॉल, हेच सर. तुमचे सगळे ठोके आहेत माझ्याकडे जपून ठेवलेले. लहान, मधले, मोठे. या वेळी एकदम चपखल बसला. मागच्या दोन वेळांना फार खटपट करावी लागली होती.’

झांजरावांच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं होतं. ते म्हणाले, मागच्या दोन कुठल्या?

आता कातरीबाई गोंधळल्या. त्यांनी सांगितलं की हिवाळ्यातला कार्यक्रम, ज्यात चारऐवजी तीनच ठोके पडले. आणि त्याच्या आधी, गेल्या वर्षीचा, ज्यात झांजा दोन घरं आधीच वाजल्या होत्या. दोन्ही त्यांनी दुरुस्त केले होते. तुम्हाला माहीत आहे असं मी धरून चालले, त्या म्हणाल्या, कारण पहिल्या वेळी तुमच्या घरूनच फोन आला होता. मिसेसचा. मुलगी रेडिओवर ऐकते, तिच्या कानाला खटकू नये, एवढं कराल का म्हणाल्या.

झांजरावांनी हिवाळ्यातला कार्यक्रम आठवून पाहिला. थंडी आठवली. कोटाचं एक बटण तुटलेलं आठवलं. चार ठोके आठवले, चारही, एकापाठोपाठ एक, चोख. बाईंनी न विचारताच मूळ रेकॉर्डिंग लावलं. त्यांनी ते ऐकलं. ठोके तीन होते.

घरी जाताना ते एक स्टॉप पुढे उतरले आणि मागे चालत आले. डोक्यात नुसता कालवा. एकदा बायकोचा राग यायचा, माझ्या पाठीमागे माझे ठोके शिवून घेते म्हणजे काय. मग भोंग्याचा, त्याच्या त्या पाण्याचा. सरांनी खांद्यावर ठेवलेला हात आठवला आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे मिळून त्यांना सांभाळून घेत होते आणि ते ऐटीत काळा कोट घालून बसत होते. पण राग फार वेळ टिकेना, कारण त्याच्याखाली दुसरंच काहीतरी होतं. जी चूक त्यांना आठवत होती ती कुणालाही झाली असती. न आठवणाऱ्या दोन चुकांचं काय करायचं ते त्यांना कळेना. रेकॉर्डिंग खरं म्हणावं तर त्यात ठोके बाहेरून आणलेले. हॉल खरा म्हणावा तर तिथे ताई बसलेल्या. आणि स्वतःचं डोकं खरं म्हणावं, तर त्यात तर चक्क चार ठोके वाजत होते, ज्यांतला एक कधी पडलाच नव्हता.

घरी आले तेव्हा साडेतीन वाजले होते. बायको मशीनवर होती. ते तिच्या समोर उभे राहिले आणि म्हणाले, मी रेडिओवर जाऊन आलो.

तिने मशीन थांबवलं. कापड सुईखालून सोडवलं, घडी घातली, बाजूला ठेवलं.

‘हिवाळ्यातलं तुला माहीत होतं?’

‘होतं.’

‘त्याच्या आधीचं?’

‘तेही.’

‘मग मला सांगितलं का नाहीस?’ त्यांचा आवाज चढला. ‘बाकीचे राहू देत. तू माझी बायको आहेस. तू तरी सांगायचंस.’

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही.

‘सांगितलं होतं,’ ती म्हणाली. ‘गेल्या वर्षी, घरी येताना बसमध्येच सांगितलं. तुम्ही दोन दिवस धड जेवला नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी उठलात आणि मला विचारलंत, परवाचा कार्यक्रम कसा झाला गं?’

झांजरावांनी मशीनच्या कडेला हात टेकला.

‘हिवाळ्यातही सांगितलं. तेव्हा एकच दिवस लागला.’ तिने नाक ओढलं. ‘या वेळी म्हटलं, कशाला परत जिवाला त्रास. नाही सांगितलं. आणि या वेळी नेमकं तुम्हाला आठवलं.’

ते तिच्यासमोरच्या स्टुलावर बसले, जिथे गिऱ्हाइकं मापं द्यायला उभी राहायची. बसमध्ये आपण तिच्या शेजारी बसलोय, ती काहीतरी सांगतेय, असं काही आठवतं का ते त्यांनी पाहिलं. आठवलं. पण आठवलं ते खरं आठवलं, की आत्ता ऐकलं म्हणून तयार झालं, हे त्यांना सांगता येईना. त्यांनी तिला विचारलं, त्या दिवशी बसमध्ये मी खिडकीशी होतो का? ती म्हणाली, नाही, मी होते. तेव्हा त्यांनी तोही विचार सोडून दिला.

थोड्या वेळाने त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. ऑर्केस्ट्राचे मॅनेजर पाचपर्यंत ऑफिसात असायचे. ते म्हणाले, त्यांना फोन लाव. पुढच्या हंगामाला झांजांवर दुसरं कुणीतरी बघा म्हणून सांगतो. आणि त्या दोन वेळांचंही सांगतो, माझ्या तोंडाने.

ती म्हणाली, आजच कशाला, जरा शांत व्हा, दोन दिवसांनी सांगा, तोवर डॉक्टरांना दाखवून येऊ.

‘डॉक्टरांकडे उद्या जाऊ,’ झांजराव म्हणाले. ‘हे आजच. दोन दिवसांनी मी तुला विचारेन, कार्यक्रम कसा झाला.’

तिने फोन लावला. पलीकडे घंटी वाजू लागली तसा तिने तो त्यांच्या हातात दिला आणि ती आत जायला निघाली. त्यांनी तिचा हात धरला.

‘इथेच थांब,’ ते म्हणाले. ‘मी बोलता बोलता अडलो, तर पुढचं तू सांग.’

ती त्यांच्या शेजारी उभी राहिली.